कुंपणाबाहेरची प्वा यिन

प्वा यिनचं आणि इरावतीचं जन्माचं वैर. सकाळी ती काठावर उतरली की पहिली चूळ नदीवरच थुंकायची आणि म्हणायची, "खा मेले, अजून खा."

नदी खायचीच. लेपानजॉ गाव तिने आजवर तीनदा गिळलं होतं. प्वा यिन जन्मली ते पहिलं लेपानजॉ. त्याच्यावरून आता लाकडाचे तराफे जातात. लग्न होऊन ती आली ते दुसरं. त्याचा पॅगोडा एका पावसाळ्यात घंटेसकट पाण्यात बसला. नवरा गेला तिसऱ्यात. दर वेळी गाव पश्चिमेला मागे सरकायचं, नाव तेच ठेवायचं आणि जुन्या भांडणांनाही नव्या जागेत घर बांधून द्यायचं. देव बुडाला, पण भांडण एकही बुडालं नाही.

नदी घ्यायची तशी द्यायचीही. पाणी ओसरलं की पात्रात वाळूची बेटं वर यायची, गाळाने काळीभोर. भुईमूग टाकला की पोत्यांनी निघायचा. बेटं कुणाच्या बापाची नव्हती. दर साली पावसाळा सरल्यावर, तझाऊंमोन महिन्याच्या पौर्णिमेनंतर गावप्रमुख दोरी टाकून ती वाटून द्यायचा. नियम एकच, आणि तो शेंबड्या पोरालाही पाठ: ज्याचा धूर कुंपणाच्या आत, त्याला वाळू. गावाभोवतीच्या काटेरी कुंपणात ज्याची चूल पेटते तो गावकरी. बाहेरचा तो परका, मग त्याची सात पिढ्यांची हाडं इथल्याच मातीत का असेनात.

प्वा यिनची चूल अकरा वर्षं बाहेर होती.

त्याचं असं झालं. गाव तिसऱ्यांदा हललं तेव्हा रीतीप्रमाणे घरंच्या घरं उचलून नेली. बांबूचं घर, खांब उकरायचे, खालून वासे घालायचे आणि चाळीस-पन्नास गड्यांनी एका हाकेत खांद्यावर घ्यायचं. गाव सगळ्यांची घरं उचलतं, घरवाली सगळ्यांना जेवू घालते. प्वा यिनने मोठ्या पातेल्यात भात शिजवला, माशाचं कालवण केलं आणि वाट बघत बसली. तिचं घर शेवटचं होतं. दुपार कलली, पाऊस आला, गडी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आंबलेला भात तिने नदीत ओतला आणि गावाचं नाव टाकलं.

हे कुणाचं काम ते तिला न सांगता कळलं. गावप्रमुख ऊ सान फे. त्याचा बाप आधी गावप्रमुख होता, आणि तो मेल्यावर सातव्या दिवसाच्या जेवणात, भिक्खूंच्या समोर, प्वा यिन बोलून गेली होती, "म्हातारा स्वतःची वाळू मोजताना दोरी ताणायचा, दुसऱ्याची मोजताना सैल सोडायचा. आता वर त्याला कसं मोजतात बघू." बोलली ते खरं होतं. पण खरं असलं म्हणून मयताच्या जेवणात बोलायचं असतं का? तिच्या जिभेला हाड नव्हतं. सान फेने त्या दिवशी ताट सारलं ते सारलंच.

नवऱ्याची काठावरची भाजीची वाडी होती तोवर तिचं भागलं. वांगी, मिरच्या, थोडा तंबाखू. पण या पावसाळ्यात नदीने वाडी खाल्ली, आणि पाणी उतरलं तेव्हा घराच्या पायऱ्यांपासून हातभर अंतरावर जमिनीला भेग पडली होती. आता बेटावरची वाळू मिळाली तर जगणं, नाहीतर दारोदार वाडगा घेऊन फिरणं. त्यापेक्षा नदी बरी, असं तिने स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. पटलं नाही.

मग ती सान फेकडे गेली. तो वाटसरूंच्या धर्मशाळेत चार म्हाताऱ्यांबरोबर चहा पीत बसला होता.

"घर उचलायला माणसं पाठव," ती उभ्यानेच म्हणाली.

"अक्का, ही विनंती आहे की हुकूम?"

"तुला लंगोट नव्हता तेव्हापासून ओळखते मी तुला. काय समजायचं ते समज."

म्हातारे हसले. सान फे हसला नाही. "रीत आहे ना आपली? ज्याला गरज, त्याने घरोघर मुरल्या चहाची पुडी द्यायची. पुडी खाल्ली की गडी बांधला."

"तुम्ही मला टाकून गेलात, आणि पुडी मी द्यायची?"

"नको देऊस. नदीला दे."

घरी येऊन तिने दिवसभर भांडी आपटली. मग केळीच्या पानाच्या पुड्या बांधल्या: मुरलेला चहापाला, तळलेला लसूण, तीळ. अकरा वर्षांत ज्या दारांकडे बघितलं नव्हतं, त्या दारांत ती एकेक करून उभी राहिली.

"एकच पुडी? आमच्यात गडी दोन आहेत."

"अगं बाई, तू आहेस होय अजून? मला वाटलं, नदीने नेलं."

"आत ये ना. नको? बरं, ठेव तिथं."

प्रत्येक शब्द तिला सुईसारखा टोचला. मुद्दाम बोलतात सगळे, ती मनात म्हणाली. सान फेने पढवून ठेवलंय. पण पुड्या सगळ्यांनी खाल्ल्या.

गडी आले. "हं, एक!" झालं आणि तिचं घर जमिनीवरून सुटलं. खांद्यांवर झुलत, बारीक पायांच्या म्हशीसारखं ते शेतांतून निघालं. मागून प्वा यिन, डोक्यावर भाताचं पातेलं. इतक्या वर्षांनी तिचा ऊर भरून आला. आणि वेशीच्या अलीकडे, कुंपणाच्या बाहेर, सान फेने हात वर केला.

"ठेवा इथंच."

"इथं?" पुढचा खांब धरलेला को टुन यी म्हणाला. "काका, आत जागा आहे की."

"गुरांना लागते ती."

"अरे चांडाळा, धूर आत पाहिजे!" प्वा यिन ओरडली.

"उचलायचं ठरलं होतं, अक्का. कुठं ठेवायचं ते कुठं ठरलं होतं?"

गड्यांचे खांदे दुखत होते. त्यांनी घर ठेवलं, खांब रोवले, तिचा भात खाल्ला, हात पुसले आणि गेले. कुणी वर मान करून पाहिलं नाही.

पौर्णिमेला अख्खं गाव भिक्खूंना चीवरं द्यायला विहारात गेलं, अगदी पांगळी म्हातारीसुद्धा गाडीत घालून. प्वा यिनने कोयता घेतला. आपल्या घरासमोरचं बोरीच्या काट्यांचं कुंपण तिने तोडलं, जाळ्या ओढत आणल्या आणि घराच्या पाठीमागून फिरवून पुन्हा बांधल्या. काटे कमी पडले तेव्हा ओढ्यावरच्या बोरी छाटल्या. हात कोपरापर्यंत रक्ताने भरले, लुंगीच्या चिंध्या झाल्या. विहारातली घंटा थांबली तेव्हा गावाच्या कुंपणाला एक नवं पोट फुटलं होतं, आणि त्या पोटात तिची चूल धूर ओकत होती.

गाव परतलं. सगळे नवे कपडे घालून, केसांत फुलं माळून. प्वा यिन कोयता मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती.

"हे काय?" सान फे म्हणाला.

"कुंपण. डोळे गेले का?"

"टुन यी, उपटा ते."

टुन यीने काट्यांकडे बघितलं, मग आपल्या कोऱ्या रेशमी लुंगीकडे. "आज सणाचं नको ना, काका."

"मग उद्या."

"उद्या मी जाळी टाकायला जातोय." त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीचे आकाशाकडे पाहू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "राहू दे की. आयतं कुंपण बांधून मिळालंय."

लोक हसले आणि पांगायला लागले. प्वा यिनला हे सोसवेना. ती भांडायच्या तयारीने बसली होती.

"थांबा!" ती उठून उभी राहिली. "आज पळता? तेव्हा ठरवून मला नदीवर टाकलंत, आज तोंडावर बोला ना!"

टुन यी वळला. त्याला खरंच काही कळेना. "ठरवून? कुणी ठरवलं, मावशी? पाऊस आला, आम्ही ताडी प्यायलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला वाटलं, दुसरा कुणी जाईल. मग तुम्ही बोलायचंच सोडलंत. आम्ही म्हटलं, मावशीला तिकडंच आवडत असेल."

ती सान फेकडे वळली. "तू सांगितलंस यांना. जाऊ नका म्हणून तूच सांगितलंस."

"सांगणार होतो," सान फे म्हणाला. "सकाळी उठून सांगणार होतो. सांगायची गरजच पडली नाही."

प्वा यिन पायरीवर बसली. अकरा वर्षं तिने रोज या गावाशी भांडण केलं होतं, एकेकाचं नाव घेऊन, एकेकाला शाप देऊन. आणि गावाच्या डोक्यात ते नव्हतंच. गावाला फक्त झोप लागली होती. तिला रडू कोसळलं, मोठ्याने, लहान पोरीसारखं. लोक आपापल्या घरी जेवायला गेले होते. काट्यांपलीकडे एकटा सान फे उभा होता.

"वाळू मिळेल," तो म्हणाला. "सगळ्यात खालची. पहिल्या पुरात जाईल."

"दे."

"माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

"तुझ्या दारात माझं कुत्रंसुद्धा मुतणार नाही."

"कुत्रं नाहीये तुला."

"आणीन."

सान फेने मान हलवली आणि तो घराकडे चालू लागला. एवढ्या गावात एवढी वर्षं तिला एक दिवसही न विसरलेला माणूस तो एकच होता, हे तिला आत्ता कळलं, आणि त्याचा तिला फार संताप आला. तो वळणापाशी पोचला तरी तिचे डोळे त्याच्या पाठीवर होते. अजून थोडं भांडला असता तर काय गेलं असतं मेल्याचं, असं तिला वाटलं.