कणगीतला ठोकळा

पिंप्राळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात कामिनीचं काम चालतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून कर्करोगाच्या गाठींची माहिती तिच्या लॅपटॉपवर येते. निरोगी पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात. गाठीत त्या कुठं वाढतात, कुठं गळतात. सॉफ्टवेअर ते ठिपक्यांनी मांडतं, कामिनी वाचते. नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक.

या वेळचा क्रमांक तिला पाठ होता. तो तिच्या आईचा, कोकिळाबाईचा होता. एका ठरावीक जनुकाच्या प्रती वाढलेल्या निघाल्या, तरच एक औषध लागू पडणार होतं.

ठिपके सरळ पसरले, वखरलेल्या वावरासारखे. 'बदल नाही.' कामिनीला रडू आलं नाही. तिनं चहा ठेवला, तो उतू गेला, तिनं ओटा पुसला. मग खालची ओळ वाचली. नमुन्यात गाठीच्या पेशी शंभरात जेमतेम पाच. एवढ्या थोड्यांत बदल असला तरी दिसत नाही.

तिनं दोंडाईचाजवळच्या गावी वडिलांना, रुपचंदआबांना फोन लावला. दवाखान्यातून मेणात बसवलेले गाठीचे ठोकळे पुण्याला पोचवायचं काम त्यांच्याकडंच होतं.

"आबा, ठोकळे किती मिळाले होते?"

"दोन."

"पुण्यात एकच पोचलाय."

"मंग? बठ्ठं बी एकदम पेरतस का? मोठा ठोकळा कनगीम्हा ठेयेल शे."

चाळीस वर्षं आबा सगळं बियाणं एकदम न पेरता अर्धं कणगीत राखत आले होते. दुबार पेरणीला त्यांनी कुणाकडं हात पसरला नव्हता. कामिनीला रागसुद्धा आला नाही.

"तो काढा, आबा. उद्याच पुण्याला न्या."

"आनि तोबी वाया गया त?"

"मग काही उरत नाही."

पलीकडं कणगीचं झाकण वाजलं.

तीन आठवड्यांनी तोच क्रमांक पुन्हा आला. ठिपके सरळ चालत आले आणि सतराव्या गुणसूत्रावर त्याच जनुकाच्या जागी उभे चढले. आठ प्रती. तिनं दुसऱ्या सॉफ्टवेअरवर ताडून पाहिलं. आठच.

"आबा, औषध लागू पडेल."

"मंग उगनं म्हन ना!" आबा हसले. मग आवाज खाली आला. "तुनी माय पुसस, उशीर व्हयना का?"

कामिनीनं पडद्यावरचा अहवाल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. ते तिथं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"मायला म्हणा, सोमवारी दवाखान्यात यायचंय."

तिनं अहवाल पाठवला आणि पुढचा क्रमांक उघडला.