दुसऱ्या भोंग्यापर्यंत

माझी ताई बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवायची. बाई हे काय करणार म्हणून सुरुवातीला लोक फिदीफिदी हसायचे. ताईने एकेकाची अशी खोड मोडली की पुढे तेच लोक तिला विचारल्याशिवाय मशीनला हात लावेनात. होतीच तशी खमकी. नवरा सोडून गेला तेव्हा दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी कामावर हजर.

तिला भीती एकाच गोष्टीची, अमोनियाची. पाणी गोठवणारा हा वायू नळ्यांतून फिरतो, आणि नळी फुटली तर माणसाचा जीव घेतो. ताईची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून. पोरं दिवसभर एकटी. मुलगी नऊ वर्षांची, धाकटा चार. "मी काय जन्मभर पुरणार आहे यांना?" म्हणत तिने पोरांना धडे दिले. लांब भोंगा झाला की खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीत ओली चादर कोंबायची, नाकातोंडावर ओला टॉवेल धरायचा आणि न्हाणीघरात जाऊन बसायचं. धोका टळल्याचा दुसरा भोंगा होईपर्यंत दार उघडायचं नाही. कुणालाच नाही.

एवढ्यावर थांबली असती तर मी तिला हात जोडले असते. पण छे! सुट्टीच्या दिवशी ही बया स्वतःच बाहेर उभी राहून दार बडवायची. "उघड गं, जीव गुदमरतोय माझा!" पहिल्यांदा पोरीने रडत येऊन कडी काढली. ताई दिवसभर तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

माझं पित्तच खवळलं. "अगं, पोरं वाढवतेयस की पहारेकरी?"

"उद्या खरंच गॅस आला तर तुझी माया कामाला येणार नाही," ताई म्हणाली. "धाकट्याला कोण बघणार? हीच ना?"

पोरगी तेव्हा कोपऱ्यात धाकट्याच्या शर्टाची बटणं लावत होती. पुढच्या वेळी तिने दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. ताई खूश झाली; मला मात्र त्या घरात घास गोड लागेना.

गेल्या वर्षी एका सकाळी लांब भोंगा वाजला. तो वाजवून ताईने कारखान्याची वीज तोडली, ठिणगी उडायला नको म्हणून. फिटर खाली कोसळला होता. तिने आपला मास्क त्याला चढवला, त्याला फरफटत फाटकापर्यंत आणलं. तिथून सगळे रस्त्याकडे पळाले, आणि ही मात्र घराकडे वळली. वीज नाही म्हणजे दुसरा भोंगा वाजणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण लेकरं आठवली आणि तिचं भान सुटलं. गल्लीत पांढरा धूर साचला होता. तिने दार बडवलं, हाका मारल्या. दार उघडलं नाही.

मी गल्लीच्या तोंडाशी पोलिसांशी भांडत होते, ते मला आत सोडेनात. बंबवाल्यांनी पाण्याचे फवारे मारले, नळी बंद झाली, वीज आली. दुसरा भोंगा वाजला तेव्हा पोरीने कडी काढली. उंबऱ्यात ताई पालथी पडली होती. पोरांना साधा ठसकाही लागला नव्हता.

ताई वाचली. वाचली म्हणायचं इतकंच, चार पावलं चालली तरी धाप लागते. पण कौतुक थांबत नाही. येईल त्याला घोगऱ्या आवाजात सांगते, "पोरीला वाटलं, मी नेहमीसारखी परीक्षाच घेतेय. नाही उघडलं! शाबास माझी वाघीण!" वाघीण मुकाट्याने तिच्या पाठीशी उशी सारत असते.

परवा मी पोरीचे केस विंचरत होते. न राहवून म्हणाले, "राणी, तुझा काही दोष नाही गं. आई खरंच गुदमरतेय हे तुला कळणार तरी कसं?"

तिने मान वळवली नाही. "कळलं होतं मावशी. खोटं ओरडताना आई कधी खोकायची नाही."

माझा हात थांबला.

"मी कडीला हात लावला होता. पण धाकटा माझ्या मागोमाग आला, टॉवेल न लावताच."

"मग?"

"मग त्याला परत आत नेलं आणि त्याचे कान दाबून धरले." तिने माझ्या हातातली फणी काढून घेतली. "आईला सांगू नकोस हं."