शेवटचा अंक: उजवा की डावा

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर पंचनामे आणि जबाब लिहिले. वाचकांसाठी लिहिण्याचे धाडस निवृत्तीनंतर प्रथमच करीत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. परंतु बाळापूर पोलीस ठाण्यातील एक प्रकरण मनातून जात नाही.

त्या वर्षांत आमच्याकडे आकस्मिक मृत्यूंचीच प्रकरणे अधिक येत. अशात एका खबऱ्याने सांगितले, की अकोल्यातील एक खासगी नेत्र रुग्णालय न केलेल्या शस्त्रक्रिया विमा योजनेत दाखवते. सोबत त्याने गाद्या शिवणाऱ्या एका वृद्ध चाचांना आणले होते.

चाचांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू तिथे काढला होता. पण त्या डोळ्याचा पडदाच खराब निघाला. भिस्त उजव्यावर होती, आणि योजना म्हणत होती, उजव्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, पुन्हा खर्च मिळणार नाही.

“कागदावर मले दिसून राह्यलं साहेब, पन सुईत धागा जात नाई,” चाचा म्हणाले. उशीर झाल्यास हाही डोळा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

“आत टाका सगळ्यायले, आपसूक बोलतीन,” खबऱ्याचा सल्ला.

मी आधी नोंदी मागवल्या. प्रत्येक नेत्रविकाराला तपशीलवार सांकेतिक क्रमांक होता. मोतीबिंदू वयाचा की मार लागल्याचा, हेही त्यातच कळे. शेवटचा अंक डोळ्याचा: उजव्याला एक, डाव्याला दोन. मला एक गोष्ट खटकली. लबाडी असती तर चाचांच्या नावावर दोन शस्त्रक्रिया असत्या. इथे एकच होती. फक्त डोळा बदलला होता. त्याच रुग्णालयात दर्यापूरहून आलेल्या काही रुग्णांकडे चौकशी केली, त्यांचेही तसेच.

रुग्णालयात नोंदी करणाऱ्या बाईंना महिला शिपायासमक्ष विचारले, “कोणता डोळा, हे कशावरून लिहिता?”

“फाइल डाक्टरकून उशिरा येते साहेब. पेशंट समोर बसते, हिरवी पट्टी दिसते, लिवून टाकतो आमी.”

मी त्यांच्यासमोर बसलो आणि डावा डोळा हाताने झाकला. “लिहा.”

त्यांनी शेवटचा अंक एक लिहिला, म्हणजे उजवा.

“ताई, साहेबायनं डावा झाकला,” शिपाईबाई म्हणाल्या. बाईंनी स्वतःच्या डोळ्यावर हात नेला: समोर बसलेल्याचा डावा डोळा त्यांच्या उजव्या बाजूला पडत होता.

नवे शिपाई प्रेतावरील जखमेची बाजू अशीच उलटी लिहितात. म्हणून आम्हाला उताण्या प्रेताच्या डोक्याशी, त्याच्या पायांकडे तोंड करून उभे राहण्यास शिकवले होते, म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्याही उजवीकडे येते.

फसवणुकीचा गुन्हा दाखल केला नाही. फाइल न पाहता या नोंदींवर सही करणाऱ्या डॉक्टरांचा निष्काळजीपणा अहवालात नमूद केला. रुग्णांना तपासून नोंदी दुरुस्त झाल्या.

पुढे चाचा उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून ठाण्यात आले. “या खेपेले बाईनं माह्याच हातानं डोळा दाखवाले लावला,” ते हसत म्हणाले. पुढच्या भेटीत त्यांनी माझ्या खुर्चीची उसवलेली गादी स्वतः शिवून दिली.

समोरच्याची बाजू त्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय लिहू नये, एवढे मी या प्रकरणातून शिकलो. वाचकहो, रुग्णालयातील आपल्या स्वतःच्या कागदावर कोणता डोळा लिहिला आहे, हे आपण कधी पाहिले आहे का?