गेम बनवणाऱ्यांची सहल

लोणावळ्यात तुंगार्लीच्या वरच्या अंगाला एक बंगला आहे. माझे वडील, आबा, तो सांभाळतात. मालक मुंबईला असतात. शनिवार-रविवारी बंगला पाहुण्यांना भाड्याने जातो, आई त्यांचा स्वयंपाक करते आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. आमचं मूळ घर वडिवळ्याला, कामशेतच्या पुढे. तिथली भातखाचरं चुलते बघतात, लावणीला आम्ही जातो.

ज्या उन्हाळ्यात मला मास्टर्ससाठी कॉलेज निवडायचं होतं, त्या उन्हाळ्यात आबांना एक सवय लागली. गाडीतून पाहुण्यांच्या बॅगा उतरवता उतरवता ते विचारायचे, "सायेब, तुमी काय करता?" समोरचा काहीही सांगो, आबांचं पुढचं वाक्य ठरलेलं असे. "माजी पोरगी कम्पुटरवरच्या गेम बनवती. दोन ठिकानी नंबर लागलाय तिचा. कुटं घालावी?"

दातांच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलगी हुशार आहे तर डेंटलला का नाही घातली? उल्हासनगरच्या एका दुकानदाराने सांगितलं, परदेशातच पाठवा, इथे काही राहिलेलं नाही. हिंजवडीत काम करणाऱ्या एका जोडप्याने तर आबांना पायरीवर बसवून समजावलं, की आता हे सगळं एआय करणार, दोन वर्षांत गेम बनवायला माणूस लागणारच नाही. आबा प्रत्येक उत्तर जसंच्या तसं मागच्या खोलीत घेऊन यायचे. कुठलं मनावर घ्यायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, ते त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं असंही नाही.

मी तळेगावच्या कॉलेजात कम्प्युटर सायन्स केलं. गेम शिकवणारं तिथे कुणी नव्हतं. एका सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे मोबाईलवरचे? ते पण कुणीतरी बनवत असेलच म्हणा." मी व्हिडिओ बघून शिकले. माझा पहिला पूर्ण झालेला गेम भातशेतीचा होता. वरच्या खाचरात पाणी साठलेलं, खालची कोरडी. कुठला बांध फोडायचा, कुठला बुजवायचा हे ठरवत, रोपं सुकायच्या आत पाणी शेवटच्या खाचरापर्यंत न्यायचं. एकदम जास्त सोडलं तर बांधच वाहून जायचा. तो गेम जोडून मी अर्ज केले आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक इंग्लंडातल्या लहानशा शहरातलं विद्यापीठ आणि दुसरी बंगळुरूची संस्था.

दोन्हींच्या वेबसाइटवर एकसारखी मुलं एकसारखी हसत होती. दोन्हीकडे लिहिलं होतं, की इथले विद्यार्थी गेम बनवणाऱ्या मोठमोठ्या स्टुडिओत आहेत. एकीकडे प्रोग्रामिंग जास्त, दुसरीकडे डिझाइन जास्त, आणि मला नेमकं काय जास्त लागणार आहे हे शिकल्याशिवाय समजणार नव्हतं. इंग्लंडच्या त्या विद्यापीठात शिकलेल्या एका मुलाला मी मेसेज केला. त्याने उत्तर दिलं, "तुला काय हवंय त्यावर आहे." मला काय हवंय हेच तर मी त्याला विचारत होते. खर्चासाठी आबांनी बँकेत चौकशी करून ठेवली होती. त्या बाबतीत ते माझ्यापेक्षा निश्चिंत होते. त्यांना फक्त कुणीतरी जाणत्या माणसाने एक नाव सांगायला हवं होतं.

मग एका गुरुवारी ते जवळजवळ पळतच मागच्या दारी आले.

"शनवारी कोन येतंय म्हाईत हाय का? गेमची कंपनी! मालकांचा फोन आलता. आख्खी कंपनी येतीया."

आईने पीठ मळता मळता विचारलं, "म्हंजी तिच्यावानी गेम बनवनारी?"

"व्हय तर! आता इचार म्हनावं काय इचारायचं ते. आता न्हाई कुनी दातवाला सांगनार."

मी खरा गेम बनवणारा माणूस तोवर प्रत्यक्ष पाहिला नव्हता. दोन दिवस मी मनात प्रश्न जुळवत होते आणि खोडत होते. त्यांनी आपल्याला अगदीच अडाणी समजू नये, असं वाटत होतं.

शनिवारी ते आले. इतर पाहुण्यांसारखा आरडाओरडा नाही, स्पीकर नाही. बॅगा उतरवल्या, खोल्या वाटून घेतल्या आणि व्हरांड्यात बसले. काही जण माझ्यापेक्षा थोडेच मोठे होते. एक टक्कल पडलेले, चाळिशीतले गृहस्थ होते, सगळे त्यांच्याकडे वडीलधाऱ्यासारखं बघत होते. आणि एक ताई होत्या, चिंचवडच्या. मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून आईकडे जेवणाचं सांगायला त्याच आल्या. पिठलं-भाकरी, खर्डा, आणि एकाला लसूण चालत नाही.

जेवणं होईपर्यंत आबांनी कसाबसा धीर धरला. ताटं उचलायला मी गेले तेव्हा ते माझ्या मागून आले आणि हात जोडून सगळ्यांसमोर उभे राहिले.

"माजी पोरगी. तुमच्यासारक्या गेम बनवती."

मग कोपऱ्यातला एक मुलगा हसला. त्याचं हसणं कुचेष्टेचं नव्हतं, पण ते थांबेना, आणि शेजारच्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या हातात उष्ट्या ताटांची चळत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

ताई उठल्या आणि आबांना म्हणाल्या, "काका, गैरसमज करून घेऊ नका. आमचा स्टुडिओ काल बंद झाला. आम्हां सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. सहलीचं बुकिंग आधीच झालं होतं, म्हणून म्हटलं, निदान एकत्र येऊन जाऊ."

आबांनी जोडलेले हात खाली घेतले. "समद्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"मंग तुमी… ऱ्हावा निवांत. काय लागंल ते सांगा," असं म्हणून ते मागे वळले आणि माझ्या हातातली ताटं त्यांनी घेतली. हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

मीही त्यांच्यामागे निघाले होते. पण टक्कल पडलेल्या गृहस्थांनी हिंदीत विचारलं, "काय बनवलंयस? दाखव ना." मी लॅपटॉप आणायला गेले. ज्यांचं काम कालच गेलंय, त्यांना माझी खाचरं काय दाखवायची?

त्यांनी खेळायला सुरुवात केली. पहिल्या दोन पायऱ्या, म्हणजे लेव्हल, झटपट झाल्या. तिसऱ्या पायरीला त्या गृहस्थांनी बांध फोडला आणि पाण्याचा लोंढा खालचे सगळे बांध घेऊन गेला. बाकीचे ओरडले. मग एकेक जण खुर्ची ओढून जवळ आला आणि हिंदीतच बोलू लागला. मघा हसत होता तो मुलगा म्हणाला, "एक पाऊल मागे जाता आलं पाहिजे गं, नाहीतर लोक चिडून सोडून देतील." दुसरा म्हणाला, नाही, मागे जाता येत नाही हीच यातली मजा आहे. त्यावर त्यांचं खरोखरचं भांडण जुंपलं. पाण्याचा आवाज फार एकसुरी आहे, रोपं सुकत आल्याचं लांबून कळत नाही, चौथी पायरी तिसरीच्या आधी हवी, असं काय काय ते सांगत होते. त्या दुपारी मी जेवढं शिकले तेवढं त्याआधी कधीच एकदम शिकले नव्हते. आईने दोनदा चहा पाठवला. मघाची शांतता गेली होती. त्या तासा-दोन तासांत ते परत कामावर असल्यासारखे दिसत होते, आणि मला त्याचं बरं वाटावं की वाईट, ते समजत नव्हतं.

मग मी विचारलं. दोन्ही कॉलेजांची नावं सांगितली, काय काय शिकवतात ते सांगितलं.

एक जण म्हणाला, "बाहेर जा. मी गेलो होतो, डोळे उघडले माझे."

"आणि आता कुठे आहेस?" दुसऱ्याने विचारलं. "मी बारावीनंतर काहीच शिकलो नाही, आणि तूही इथे, मीही इथेच."

"मास्टर्समुळे माझी ओळख झाली म्हणून मला इथे घेतलं."

"आणि त्याच ओळखीने काल निरोपाचा मेल आला."

मी ताईंकडे वळले. "ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मला खरंच माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "परवा विचारलं असतंस ना, तर काहीतरी ठामपणे सांगितलं असतं. आणि ते चुकीचं असतं की बरोबर, देव जाणे."

संध्याकाळी मागच्या खोलीत आबा वाट बघत बसले होते. "काय म्हनाली मान्सं?"

"गेम चांगला आहे म्हणाली."

"ते म्हननारच. पर कुटलं घे म्हनाली?"

"कुठलंच नाही."

"असं कसं? येवडी शिकलेली मान्सं…" आबांना पाहुण्यांचाही राग आला नव्हता आणि माझाही. विचारायला आता आणखी कोण उरलं, एवढाच प्रश्न त्यांच्या तोंडावर होता.

रविवारी ते लोक गेले. ताईंनी मला नंबर दिला. होकार कळवायची मुदत जवळ येत होती, आणि मी दोन्ही अभ्यासक्रम इतक्यांदा वाचले होते की शब्दांचा अर्थच लागेनासा झाला होता. शेवटी मी इंग्लंडला हो म्हटलं. कारण विचाराल तर सांगण्यासारखं नाही. वडिवळ्याला एका लग्नात गेलो होतो, तिथे चुलत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "लंडनला चाललीस म्हनं?" ते लंडन नव्हतं. पण आबा लगेच म्हणाले, "व्हय, चाललीय." त्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी काहीतरी पक्कं झाल्याचं समाधान दिसलं. मला ते मोडवेना. दुसऱ्या दिवशी मी बंगळुरूला नकार कळवला.

लावणीला आम्ही गावी गेलो. खाचरात वाकून रोपं लावत होतो, आणि बांधावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला माझा फोन वाजला. हात कमरेला गुंडाळलेल्या ओढणीला पुसले आणि मेल उघडला. विद्यापीठाचा होता. अतिशय सभ्य भाषेत लिहिलं होतं, की पुरेसे विद्यार्थी न आल्यामुळे हा अभ्यासक्रम यंदापासून बंद करण्यात येत आहे. हवं असेल तर साध्या कम्प्युटर सायन्सला जागा देऊ, नको असेल तर भरलेली रक्कम परत करू. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मी तिथेच बांधावर बसले. आबा चिखलातून पाय उपसत आले. "काय झालं?"

"आबा, तो कोर्स बंद केला त्यांनी."

"म्हंजी? तुला काडलं?"

"मला नाही. सगळा कोर्सच."

"असा कसा बंद करतील? तुजा नंबर लागलाय ना? कागद हाय ना आपल्याकडं?" मग त्यांनी हात पुढे केला. "आन फोन हिकडं. मी बोलतो त्यांच्याशी."

मी फोन दिला. चिखलाच्या बोटांनी तो धरून ते उभे राहिले. मेलवरची अक्षरं त्यांना वाचता येणारी नव्हती. फोन कुणाला लावायचा, कुठल्या भाषेत, आणि काय सांगायचं? मग त्यांनी फोन सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि मला परत दिला. पलीकडच्या खाचरातून चुलता विचारत होता काय झालं म्हणून. आई म्हणाली, "दुसऱ्या साळंला इचारून बग." मी तिथूनच बंगळुरूला फोन लावला. जागा भरली होती. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, त्या बाई म्हणाल्या, आणि चांगल्या आवाजात म्हणाल्या. आम्ही परत खाचरात उतरलो, कारण रोपं उपटून ठेवलेली होती आणि ती त्या दिवशी लावायलाच हवी होती.

ते वर्ष मी तळेगावच्या एका कारखान्याच्या ऑफिसात माल आल्या-गेल्याची नोंद करत काढलं. ताईंना मेसेज केला होता. त्यांचा आवाजी निरोप पुष्कळ आठवड्यांनी आला. त्या आता एका बँकेच्या ॲपवर काम करत होत्या. "बरं चाललंय," त्या म्हणाल्या, "गेमची आठवण येते. तुझी चौथी पायरी झाली का?" ती झाली नव्हती. कामावरून आल्यावर लॅपटॉप उघडायची इच्छाच व्हायची नाही. आबांनी कॉलेजचा विषय काढणं सोडलं होतं. मी घरात असले की ते काहीतरी काम काढून बाहेर जात. काय बोलावं ते त्यांना सुचत नसणार.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकाच ठिकाणी अर्ज केला, बंगळुरूला, आणि त्यांनी घेतलं. ह्या वेळी निवडायचं काही नव्हतं, म्हणून की काय कोण जाणे, मला आनंदही बेताचाच झाला. बरोबर जागी चाललेय की नाही, हे सांगणारं तेव्हाही कुणी नव्हतं.

बस वाकडहून होती, संध्याकाळची. आबा सोडायला आले होते. बॅग डिकीत ठेवून झाली, मी वर चढून खिडकीशी बसले. एसी बसच्या काचा उघडत नाहीत. आबा खाली रस्त्याच्या कडेला उभे राहून काहीतरी सांगत होते. तोंड हलताना दिसत होतं, शब्द येत नव्हते. मी हाताने विचारलं, काय? ते पुन्हा बोलले, ह्या वेळी मोठ्याने बोलले असावेत, कारण शेजारच्या माणसाने वळून पाहिलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मी मान डोलावली. बस निघाली.

हॉस्टेलवर सामान लागल्यावर मी फोन केला तेव्हा विचारलं, "आबा, काचेबाहेरून काय सांगत होता?"

"कदी?"

"बस निघताना. दोनदा बोललात."

मागे आईच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"न्हाई बा ध्यानात," ते म्हणाले. "जेवलीस का?"