शेवटी सांगायचं नाव

मिरचीचे देठ खुडत मी नंदुरबारच्या बाजारात शिरलो आणि पंधरा वर्षांत तिथलाच अडत्या झालो. माझ्या तोंडी सहसा कुणी लागत नसे. एक गवई लागला.

तो गावातल्याच रंगाऱ्यांच्या घरातला. दिवसा लुगडी रंगवायचा, संध्याकाळी गायचा. वडिलांकडून आलेल्या सहा चिजा ही त्याची सगळी इस्टेट. सुरतेला गाण्यांच्या तबकड्या भरणारा ग्रामोफोन कंपनीचा विलायती साहेब उतरलाय, असं मला व्यापाऱ्यांकडून कळलं. गवयाला गाडीत बसवून मीच घेऊन गेलो.

कंपनीचा दलाल भाव बोलू लागला तसा मी रुमाल काढला. आमच्या बाजारात सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो. दलाल हसला, पण त्याने हात घातला. बोलला होता त्याच्या दुप्पट मी काढून घेतले. मग त्याने कागद वाचला. या सहा चिजा गवयाने हयातभर दुसऱ्या कुणासाठी तबकडीत भरायच्या नाहीत, कुठल्याच मुलखात. कंपनीने मात्र वाटेल त्या मुलखात विकाव्यात. गवयाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, कर अंगठा. पोतं तोलून झालं की ते कुठे जातं, हे आम्ही विचारत नाही. गळ्याचं तसं नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझी अट एकच होती. गाणं संपलं की गवयाने कर्ण्यात आपलं नाव मोठ्याने सांगायचं, अशी तेव्हा रीत होती. तबकड्या परदेशात तयार होत आणि कुणाचं गाणं ते तिथल्या कारागिरांना त्यावरून कळे. गवयाने आपल्या नावामागोमाग माझं नाव घ्यायचं, असं गाडीत माझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं होतं. सहाही वेळा त्याने फक्त आपलं सांगितलं. परतताना मी जाब विचारला.

"शेठ, गानामा मिरची कसाले?" तो म्हणाला. सगळा डबा हसला.

ते हसू मी बारा वर्षं सांभाळलं. मग आफ्रिकेत दुकान असलेला एक गुजराती व्यापारी त्याला शोधत आला. झांजीबारला या तबकड्या झिजेपर्यंत वाजत होत्या आणि गवयाला त्याचा पत्ताही नव्हता. व्यापाऱ्याच्या कंपनीला त्याच चिजा नव्या यंत्रावर, ऐसपैस भरून हव्या होत्या. सुरतेला तीन मिनिटांत मुखडा आणि दोन ताना कोंबल्या होत्या, बाकीचं सगळं गवयाच्या छातीतच राहिलं होतं. आणि त्या छातीत आता घरघर लागली होती. व्यापाऱ्याने विचारलं, जुना करार आहे का? गवयाने नाही म्हणून सांगितलं. सुरतेचा कागद तेव्हापासून माझ्या पेटीत होता.

भर दुपारी तो माझ्याकडे आला. हमाल मिरची उलथत होते, तिथेच मी त्याला बसवलं. खोकून खोकून त्याचे डोळे वाहू लागले. कागद काढू नका, एवढंच त्याचं मागणं होतं.

"मन्हा गळा तुम्ही ईकी टाका, शेठ." तो सुरतेच्या सौद्याचं बोलत होता.

"मी ते बोटे दाबात," मी म्हणालो. "अंगठा तुन्हा शे."

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "आते तुमनं नाव लिसू. सहाबी डाव."

मी म्हणालो, आत्ताच घेऊन दाखव. तो उठला. समोर कर्णा असल्यासारखी मान वर करून त्याने आपलं नाव सांगितलं आणि मागोमाग माझं. हमाल हसले. या वेळी त्याला हसले. त्याने माझे हात हातात धरले आणि निश्चिंत होऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद व्यापाऱ्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि दुपारच्या गाडीने सुरतेला निघून गेला. दोन वर्षांत गवई गेला, आणि चिजांचं उरलेलं गाणंही गेलं.

सहातली एक तबकडी माझ्याकडे आहे. अजून लावतो. गाणं संपत आलं की मी सुई उचलतो. त्याचं नाव येऊ देत नाही.