निरोपाचा तास

स्पेनच्या यादवी युद्धाबद्दल आमच्या अकरावीच्या पुस्तकात जेमतेम दोन ओळी. परदेशांतून तिथे लढायला गेलेल्या स्वयंसेवकांचा त्यात नुसता उल्लेख. तेवढ्यावर माझं समाधान होईना. खाणकामगार, शिंपी, कॉलेजातली पोरं, ज्यांना त्या देशाची भाषाही येत नव्हती, ती माणसं घरदार सोडून कशी गेली असतील, हे मुलांना कळावं असं मला फार वाटत होतं.

शाळा हिंदी मुलखातली; स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. ती ग्वाल्हेरची, राज्यशास्त्र शिकवणारी. मी नागपूरकडची, इतिहासाची. नेहरू नगरहून कित्येक वर्षं मी तिच्या स्कूटीवर मागे बसून शाळेत येत होते. युक्तीही तिचीच.

"अगं, नुसतं वाचून काय दाखवतेस? ते स्वयंसेवक समजून एकेकाला घरच्यांचा निरोप घ्यायला लाव. आणि काही झालंच तर मी आहे ना!"

मुलांना तयारीला एक दिवस दिला. शाहपुऱ्यातल्या एका मुलीनं गच्चीवर जाऊन सराव केला, "पापा, मुझे रोकना मत, मैंने फैसला कर लिया है।" आईनं ते जिन्यातून ऐकलं. पोरगी कुणाबरोबर तरी पळून चालली, असं वाटून बिचारीनं पोरीच्या वडिलांना हाक मारली. खुलासा झाला, पण वडील काही निवले नाहीत. सकाळीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन मला म्हणाले, "पराई लड़ाई में मरना सिखाती हैं आप बच्चों को?"

प्राचार्यांनी माझ्या या मैत्रिणीलाही बोलावून घेतलं. मला हायसं वाटलं. ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, हमने तो मैडम को मना किया था।"

मना किया था! तिथल्या तिथे तिला खोटं पाडायला हवं होतं. परक्यानं केलं असतं तर भांडले असते. हिनं केसानं गळा कापला.

अकरावीचा इतिहास माझ्याकडून काढून तिला दिला, मला सहावी. मुलांनी तयार केलेल्या निरोपांतला एकही मला ऐकायला मिळाला नाही. पुढे कळलं, परीक्षेला येत नाही म्हणून तिनं तो भागच गाळून टाकला. मी रिक्षानं जायला लागले. का, हे तिनं विचारलंही नाही.

नवं सत्र सुरू झालं आणि एक दिवस ती माझ्या वर्गाच्या दारात उभी.

"अगं, माझी मुलगी यंदा तुझ्याकडे आलीय. जरा लक्ष ठेव हं. इथे तूच काय ती आपली."

मी हो म्हटलं. पोरीचा काय दोष? पण त्या 'आपली'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निदान खजील तरी व्हायचं! तिनं मात्र प्रेमानं माझा दंड दाबला आणि हसत हसत अकरावीचा तास घ्यायला निघून गेली.