हवेतल्या पायऱ्या

"मॅडम, पडणार हाय का न्हाई तेवढं सांगा. पडणार आसंल तर मी आजच बिल्डरला फोन लावतो."

तात्या मोबाइल हातात धरूनच बोलत होते. त्यांचे थोरले भाऊ, सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले आण्णा, जिन्याकडे बघत उभे होते. महाबळेश्वरचा हा बंगला दोघांच्या नावावर. जिन्याच्या एका दगडी पायरीला भेग गेलेली. जिना वाचला तर बंगला ठेवायचा, नाहीतर पाडून हॉटेल बांधायचं, असं भावाभावांत ठरलेलं. निकाल मी द्यायचा. मी साताऱ्याची आर्किटेक्ट, जुन्या इमारतींची कामं करते. असल्या घाईनं माझं डोकं फिरतं.

"आधी फोन खिशात घाला," मी म्हटलं. "मला बघू तर द्या."

बंगला रीजन्सी स्टाइलचा, म्हणजे दोनेकशे वर्षांमागच्या इंग्रजी पद्धतीचा. भपका कसला नाही. पांढरा गुळगुळीत गिलावा, अर्धगोल होऊन पुढं आलेली दर्शनी भिंत, पार जमिनीपर्यंत उतरलेल्या खिडक्या, व्हरांड्याला नाजूक लोखंडी जाळी. बाहेरूनच मी खूश होते. आत जिना पाहिला आणि बाहेरचं सगळं विसरले.

गोल हॉलच्या भिंतीला बिलगून काळ्या दगडाच्या पायऱ्या वळत वर गेलेल्या. एक टोक भिंतीत, दुसरं हवेत. खाली खांब नाही, तुळई नाही. आम्ही याला कॅन्टिलिव्हर जिना म्हणतो. भिंत पायरीचं एक टोक पकडते आणि पायरीची पुढची कड खालच्या पायरीवर टेकते. असा भार एकीवरून दुसरीवर उतरत जमिनीत जातो. ड्रॉइंगमध्ये हे कितीदा पाहिलेलं. पण खाली उभी राहून मान वर केली आणि तोंडातून निघालंच, बाई गं, यावर पहिल्यांदा पाय ठेवायची छाती कुणाची झाली असेल!

आणि या सगळ्याच्या मधोमध एक गंजका लोखंडी पाइप, बरोबर भेगेच्या पायरीखाली.

"हे काय?"

"टेकू," आण्णा म्हणाले. "वडलांनी लावल्याला. आवं, येवढा दगुड आन् खाली कायबी न्हाई, मनाला पटतंय व्हय?"

पाइपच्या डोक्यावर लाकडी पाचर होती. तिच्यावर हातोड्याचे ताजे वळ.

"ही कोण ठोकतं?"

"मीच की. दरसाल झडी बांधाय येतो, तवा."

महाबळेश्वरचा पाऊस आडवा मारतो. म्हणून पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना बाहेरून गवताचे तट्टे बांधतात, ती झडी. ती बांधून झाली की आण्णा आत येऊन पाचरीवर घाव घालत. पावसात घर हलू नये म्हणून.

मी पर्समधून व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि त्या पायरीच्या कडेखाली सरकवलं. सुळकन आत गेलं. बाकी कुठल्याच पायरीखाली ते शिरेना. म्हणजे ही पायरी खालच्या पायरीवर टेकलेलीच नव्हती. दरवर्षीच्या घावांनी ती वर उचलली गेली होती. एक टोक भिंतीत अडकलेलं, दुसरं पाइप वर ढकलतोय. दगड बिचारा चिरणार नाही तर काय करेल?

"म्हंजी आण्णानंच मोडला?" तात्या बोलून गेले.

आण्णांचा चेहरा पार उतरला. मला तात्यांचा असा राग आला!

"मोडलेला नाही. भेग आरपार गेलेली नाही," मी म्हटलं. "पाइप काढायचा."

"काढायचा? आन् जिना ढासळला मग?" आण्णांनी विचारलं.

मी माझ्या गवंड्याला बोलावून घेतलं. आम्ही जिन्याखाली मजबूत परांची उभी केली, पण पायऱ्यांना कुठंही लागू दिली नाही. बोटभर फट ठेवली. काही खाली आलंच तर झेलायला. पाचर काढायला गवंडी पुढं झाला, तर आण्णांनी त्याला बाजूला केलं. "मी ठोकली, मीच काढतो."

ते हलक्या हातानं आडवे ठोके देत गेले. पाचर सुटली. दगडातून करकर असा आवाज आला, थोडी धूळ पडली. परांचीला काहीच लागलं नाही. मी कार्ड लावून पाहिलं. शिरेना.

मग त्या पायरीवर वाळूची पोती चढवली आणि रात्रभर तशीच ठेवली. पायरी किती दबते ते दाखवणारा गेज लावला होता. सकाळी काटा जागचा हललेला नव्हता. हा जिना बांधणाऱ्या, नाव-गाव न ठाऊक असलेल्या त्या जुन्या गवंड्यांना मी तिथंच हात जोडले. तात्या बघत होते, बघू देत.

पोती उतरवल्यावर आण्णा चपला काढून वर निघाले. भेगेच्या पायरीवर आले आणि थांबले. दोन्ही पाय तिच्यावर ठेवून उभे राहिले. डोळे भरलेले.

"उभ्या जन्मात हिच्यावर पाय दिला न्हाई. खाली टेकू, म्हणून आमी समदी हिला वलांडूनच जायचो."

तात्या जरा वेळ खालीच घुटमळले. मग तेही चढले आणि आण्णांच्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "आता पाडायचा कसा वो, मॅडम?"

बंगला उभा आहे. भेग चुन्यानं भरली. रिपोर्टात दुरुस्तीखाली लिहिण्यासारखं मुख्य काम एकच होतं, पाइप काढला. तेव्हापासून जुन्या घरात शिरले की मी मालकांना पहिला प्रश्न विचारते, या घराच्या काळजीपोटी तुम्ही आजवर काय काय केलंय?